शिफारशीचे चार शब्द

"मग उणं काय आहे बुवा, तेवढं सांगा."

युवराज खोतानं मोबाइल रामलिंगबुवांच्या पुढ्यात धरला.

पडद्यावर त्याचा फोटो होता. कोट घातलेला, हाताची घडी. खाली लिहिलं होतं: उद्योजक, मार्गदर्शक, वक्ता.

कोल्हापूरजवळ त्याचा पत्रा कापून वॉशर काढायचा कारखाना होता. दोन प्रेस, नऊ माणसं. धंदेवाईक लोक एकमेकांना जिथं हेरतात, त्या साइटवरचं हे त्याचं पान. मोठ्या कंपन्यांचे साहेब ते बघत, आणि पुढं सरकत. असली पानं सजवून देणारा पुण्याचा एक जण म्हणाला होता, ज्यानं धंदा शिकवला त्याची शिफारस मिळाली तर वजन येईल.

म्हणून तो टेकडी चढून आला होता. बुवा तीस वर्षं आयटीआयमध्ये फिटरचे मास्तर होते. निवृत्त झाले आणि इथं महादेवाच्या ओवरीत येऊन राहिले. युवराजला प्रेस चालवायला त्यांनीच शिकवलं होतं.

"चार शब्द लिहा फक्त."

बुवांनी चष्मा पुसला.

"यातलं लोकांनी जास्त काय वाचलं?"

युवराजचा चेहरा खुलला. "हे बघा. चार हजार लोकांना आवडलं."

"वाच."

"'त्या दिवशी माझ्या कामगाराचा हात प्रेसमध्ये गेला. मी त्याला दोन्ही हातांवर उचललं आणि दवाखान्याकडं पळत सुटलो. त्या रक्तानं मला शिकवलं, की संकटात जो सगळ्यांच्या आधी धावतो, तोच नेता.'"

आवाज बरोबर जागी कापला. हे त्यानं दोनतीन सभांतही म्हणून दाखवलं होतं.

बुवांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"प्रेसला हात वाचवायचं गार्ड होतं?"

"ऑर्डरची घाई होती, बुवा. गार्डनं हात अडतो, माल कमी निघतो. काढून ठेवलं होतं."

"कुणी?"

खाली टाक्यावर कुणीतरी धुणं आपटत होतं. युवराज तिकडं बघत राहिला.

"मी सांगितलं होतं."

"ते लिहिलंयस?"

"असलं कोण लिहितं?"

बुवांनी मान डोलावली. जणू पटलंच.

"शिफारस देतो. पण ज्याच्यावर हे लिहिलंय, त्याला आधी वाचून दाखव. कागदावर उतरवून ने. त्याची सही घेऊन ये."

"त्यात काय! तो नाही म्हणायचा नाही."

"मग जा की."

त्या कामगाराचं, दस्तगीर मुजावरचं, गाव टेकडीच्या पलीकडं होतं. अपघातानंतर युवराज तिथं एकदाच गेला होता, सफरचंदं घेऊन. त्याला दोन वर्षं झाली.

दस्तगीर कट्ट्यावर बसला होता. मालकाला बघून धडपडत उठला. शेजारच्या घरातून खुर्ची आणवली, बायकोला चहा टाकायला सांगितला. उजव्या हाताची बाही मनगटापाशी दुमडून पिन लावलेली.

युवराजनं कागद काढला. वाचायला लागला तर आवाज कापेना. 'उचललं' या शब्दापाशी जीभ जड झाली. पुढचं त्यानं भराभरा उरकलं.

दस्तगीर खाली मान घालून ऐकत होता. आपल्यावर कुणी काही लिहिलंय, हेच त्याला मोठं वाटत होतं.

"लई चांगलं लिवलंय, मालक."

बायको दारात उभी होती. "पर ह्यास्नी तर शेजारच्या कारखान्यातल्या पोरांनी रिक्षात घालून न्हेलं. मालक त्या दिशी पुण्याला हुते न्हवं?"

"तू गप. तुला काय कळतंय? लिवण्यात असंच असतंय."

युवराजनं चहाचा घोट घेतला. तोंड भाजलं.

"सही पायजे व्हय? पयलं यायची की मला. आता डाव्या हातानं जमत न्हाई. अंगठा चालंल?"

बायकोनं पेनातली शाई त्याच्या डाव्या अंगठ्याला फासली. त्यानं जपून, कागद चुरगळणार नाही असा, ठसा उमटवला. मग दाराबाहेर चपलांपर्यंत पोचवायला आला.

"मालक, वॉचमनचं काम निघालं तर बघा की. रातपाळी असली तरी चालंल."

"बघतो."

युवराज परत टेकडीवर आला, तेव्हा उन्हं कलली होती. बुवांनी ठसा बघितला.

"काय म्हणाला?"

"चांगलं लिहिलंय म्हणाला."

बुवांनी कागद आपल्याच हातात ठेवला.

मग युवराजनं बाकीचंही सांगितलं. रिक्षाचं, पुण्याचं, वॉचमनचं. सांगायचं त्याच्या मनात नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं.

बुवांनी कागद उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूला सावकाश काहीतरी लिहिलं, सही केली आणि त्याच्या हातात दिला.

एकच ओळ होती. 'याला मी शिकवलं.'

"एवढंच?"

"माझ्याकडं देण्यासारखं खरं एवढंच आहे."

युवराजनं कागदाची घडी केली. खिशात घातली, पुन्हा बाहेर काढली. जाईना.

"बुवा... ते काढून टाकू का?"

"काय?"

"ते... लिहिलेलं."

"कशाला? चार हजार लोकांना आवडलं. दस्तगीरलाही आवडलं."

"पण..."

बुवा उठले. ओवरीच्या पायरीवरचा तांब्या उचलला.

"आत्ता ज्याला ते आवडेनासं झालंय, तो तुझ्यात किती दिवस टिकतो ते बघू."