जैतूनबीच्या आरशातला टायर

पोलादपूरची जैतूनबी घाटात बंद पडलेल्या गाड्या क्रेनने ओढून आणायची. मागे दहा टनांचं ओझं घेऊन उतरताना टायर फुटला, तर दोन्ही गाड्या दरीत. म्हणून नवे टायर ती स्वतःच बघायला गेली.

दुकानदार दिगंबरशेठ हसले. "बाई, टायरमधलं तुम्हाला काय कळणार? हा आमचा खास माल. कधी पाहिलाय तरी?"

"रोज पाहते, शेठ. माझ्या आरशात. मागे ओढून आणलेल्या गाडीला हाच असतो."

शेठ भडकले. "काहीतरी बोलू नका. माझा स्वतःचा टेम्पो याच टायरवर धावतो."

"सकाळपर्यंत धावत होता. ड्रायव्हर धडधाकट आहे, काळजी नको."

शेठ दाराशी गेले. क्रेनमागे त्यांचाच टेम्पो लटकला होता, टायर फुटलेला.

"तो उतरवून घ्या," जैतूनबी म्हणाली, "आणि मला दुसरे टायर दाखवा."