उघड्या भांड्यासमोर

एका राज्यात, चहूबाजूंनी समुद्र असलेल्या, ना भात पिके ना जोंधळा. पिके ते अळू. तिथली माणसं अळूला आपला थोरला भाऊ मानीत. कंद उकडून, दगडाने कुटून त्याचा मऊ लगदा करीत, त्याला पोई म्हणत. पोईच्या भांड्यावरचं झाकण निघालं की कुणी वाकडा शब्द काढायचा नाही, अशी रीत. थोरल्यासमोर कसलं भांडण!

पण राजा मकानी मेला महातापट. एके दिवशी भांडं उघडं असताना, माशाच्या एका तुकड्यावरून (राजाला शोभतं का हो हे?) तो धाकट्या भावावर, पालेकोवर, कडाडला, "तू माझा भाऊ नव्हेस. चालता हो!"

पालेको बायकोला घेऊन होडीत बसला आणि दूरच्या एका बेटावर गेला. त्याच घटकेला राज्यातलं सारं अळू खाजरं झालं. तीन प्रहर उकडा नाहीतर सहा, घास गिळला की घसा सुजे. लेकरं भुकेने रडू लागली.

दोघांची आई, राणी हिनाले, अळूच्या वाफ्यात रडत बसली. तिथली पाणकोंबडी तिला म्हणाली, "राणी, तीन पदार्थ रांध. एक शब्द न बोलता पोई कूट. ज्वालामुखीच्या तोंडचे धोंडे आण, अळूच्या पानांत मासा बांधून त्यांवर भाज. तिसऱ्या, अळूच्या गोड वड्या. त्यांना नारळ हवा पालेकोच्या बेटावरचा. दोघे भाऊ एका भांड्यातून जेवले की शाप सुटेल."

हिनालेने पोई कुटली. हाताला फोड आले, ओठ उघडले नाहीत. धोंडे आणले, केस होरपळले. मग तीन दिवस होडी वल्हवून ती बेटावर पोचली. पालेको किनाऱ्यावर एकटाच बसला होता.

"नारळ दे, बाळा. आणि चल माझ्याबरोबर."

"कुणासाठी?"

"उपाशी लेकरांसाठी."

"येतो."

दोघं परतली, तिन्ही पदार्थ राजासमोर मांडले, भांडं उघडलं. मकानी म्हणाला, "चुकलो रे. तू माझाच भाऊ आहेस." पालेकोने भांड्यात हात घातला. दोघांनी एका भांड्यातली पोई खाल्ली, मासा खाल्ला, वड्या खाल्ल्या. खाज गेली! बाहेर लोक नाचू लागले. हिनालेचं मन भरून आलं. दोन्ही मुलं पुन्हा एका पंगतीला बसली होती.

तोच पालेकोने झाकण घातलं.

"आता बोलतो. माझी बायको होडीतच मेली, तहानेने. पाणी पाणी करत. तुझं तोंड मी पुन्हा पाहणार नाही."

मकानी आईकडे वळला. "आई, तू तरी सांग याला."

"काय तोंडाने सांगू? त्या दिवशी मीही इथंच बसले होते. भांडं उघडं, म्हणून तुला एका शब्दाने अडवलं नाही. रीत सांभाळली आणि सून घालवली."

ती उठली आणि पालेकोच्या होडीत जाऊन बसली. मकानी हाका मारत किनाऱ्यापर्यंत धावला. तिने मागे पाहिलं नाही.

राज्यात अळू गोड झालं, लेकरांची पोटं भरली, सगळं जिथल्या तिथं आलं. राजाच्या पंगतीला मात्र पुन्हा कुणी बसलं नाही.