काचडोळ्या आणि निवळलेलं पाणी

लई मागची गोष्ट. एका डोहात काचडोळ्या नावाचा मोठा मासा होता. गढूळ पाण्यातही त्याला लख्ख दिसायचं. म्हणून चाचपडणाऱ्या मासोळ्या त्याच्या मागून चरायला जायच्या. रोज एखादी कमी व्हायची.

"धारेला लागली बिचारी," काचडोळ्या म्हणायचा.

एक दिवस ठकू मासोळीची लेक दिसेना, आणि नेमकं त्याच दिवशी पाणी निवळलं. काचडोळ्याच्या तोंडातून लेकीचं शेपूट लोंबत होतं.

"अगं बायांनो, बघा!" ठकू ओरडली.

बायांनी बघितलं. म्हातारी मासोळी हळूच म्हणाली, "खरं गं ठकू. पण गढूळलं की वाट तोच दाखवणार ना? हे बघून त्याच्यामागं जाववेल का आपल्याला?"

आणि साऱ्याजणी तळाशी जाऊन शेपट्यांनी गाळ ढवळू लागल्या.