जड चेंडू

“सोडतो की ह्याला, वस्ताद. ह्याच्या मागनं येणारा कच्चा आहे, त्याला काढतो. काय बिघडलं?”

दिगंबर मगदूम आमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. बेसबॉलच्या व्यावसायिक लीगची मॅच, शेवटची इनिंग. आम्ही पुढं होतो, एकच गडी काढायचा राहिला होता. आणि तोवर समोरच्या एकाही बॅटरला दिगंबरच्या चेंडूवर हिट मिळाली नव्हती, म्हणजे चेंडू मारून पहिल्या बेसला पोचता आलं नव्हतं.

अशी मॅच एखाद्याच्याच नशिबी येते. आली तर तिचं नाव काढायचं नसतं, दृष्ट लागते. म्हणून दुपारपासून बाकावर कुणी त्याच्या शेजारी बसलं नव्हतं. मी त्याचा कॅचर, बॅटरमागं बसून त्याचे चेंडू झेलणारा, पण मीसुद्धा दोन शब्द बोललो नव्हतो. मला वाटलं, गडी गर्वानं ताठ बसलाय. कसला गर्व! भीती होती ती.

समोर बॅट घेऊन रणदिवे उभा होता. त्यांचा वाघ. दिगंबरनं त्याला आधी तिन्ही वेळा चेंडू लांब बाहेर टाकून पहिला बेस फुकट देऊन टाकला होता. बॅट लागायची भानगडच नको. आताही तोच बेत होता.

तो ओळखूनच आमचे कोच आप्पा चौगुले खेळ थांबवून मैदानात आले, तसा मीही दिगंबरजवळ गेलो. मूळचे कुस्तीतले, म्हणून आम्ही त्यांना वस्तादच म्हणायचो.

“माझ्या चेंडूवर आज कुणी मारलेलं नाही, वस्ताद.”

“ह्याला मारू दिलंस कधी?”

दिगंबर बुटानं माती उकरू लागला.

“तीनदा आला बिचारा. तीनदा बॅट न फिरवता गेला. जरा घाम तरी येऊ दे की त्याला.”

“आणि लागला तर?”

“तर लागला.”

“वस्ताद... चेंडू जड झालाय. इनिंगगणिक जड होत चाललाय. बोटांतनं सुटतच नाही.”

वस्तादांनी हात पुढं केला.

“आण इकडं.”

आमच्या खेळात कोचनं मैदानात येऊन चेंडू मागितला, की पिचरचं काम संपलं. गुमान द्यायचा आणि बाहेर जायचं.

दिगंबरचं तोंड पांढरंफटक पडलं. “नको, वस्ताद... पाया पडतो. एकच राहिलाय.”

हात तसाच.

शेवटी दिगंबरनं चेंडू त्या हातावर ठेवला. प्रेक्षकांत एकच गलका उडाला. अंपायर आमच्याकडं यायला निघाला. वस्ताद मात्र हलेनात.

“आता कसं वाटतंय?”

“हलकं वाटतंय,” तो मान खाली घालून म्हणाला.

वस्तादांनी चेंडू परत त्याच्या हातात कोंबला आणि पाठ फिरवून चालू लागले.

मी जागेवर जाऊन बसलो.

दिगंबरनं पहिलाच चेंडू मधोमध टाकला.

रणदिवेनं बॅट फिरवली. खाडकन आवाज झाला... चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून लांब गवतात जाऊन पडला. हिट!

मैदान चिडीचूप झालं. मागचा कच्चा बॅटर आला तसा गेला. आम्ही जिंकलो, पण नाचलं कुणीच नाही. जो तो मयताला आल्यासारखा दिगंबरची नजर चुकवत होता.

वस्ताद तेवढे त्याच्याजवळ गेले. शेवटचा चेंडू माझ्याच हातात होता. तो घेऊन त्यांनी त्याच्या तळव्यावर ठेवला.

“बघ बरं. जड आहे?”

दिगंबरनं चेंडू वरखाली करून पाहिला. आधी हसला, मग ढसाढसा रडायला लागला.

“नाही, वस्ताद.”

“तेवढाच होता, लेका.”