झाकणाच्या आतले थेंब

किती पिढ्या उलटल्या ते आता कुणालाच सांगता येणार नाही, पण एका डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव होतं. पौषात डोंगरावर देवीचा उत्सव भरे. थंडीत कुडकुडत वर चढणाऱ्या यात्रेकरूंच्या हातावर मोरावळ्यातला एकेक आवळा ठेवायचा, अशी त्या गावाची रीत होती.

हा मोरावळा भागाबाईच्या घरी शिजायचा. टोचलेले आवळे पाकात मुरायचे, वेलदोडा, लवंग आणि सुंठ पडली की सगळ्या आळीत वास दरवळायचा.

त्या वर्षी घरात नवी सून आली होती, येसू. तिला प्रत्येक गोष्टीचं कारण हवं असे.

"आत्याबाई, आवळे टोचायचे कशाला?"

"पाक आतपर्यंत जावा म्हणून."

"आणि बरणीवर रात्रभर नुसतं फडकं का? झाकण का नाही?"

"रात्री देवी वास घ्यायला येते," भागाबाई म्हणाली. "मीही विचारलं होतं, तेव्हा सासूबाईंनी हेच सांगितलं. पुढे मी काही विचारलं नाही."

नेमकी त्याच संध्याकाळी वानरांची टोळी गावात उतरली. कौलांवर धावपळ सुरू झाली. मोरावळा तर अजून गरम होता. भागाबाईने घाईघाईने बरणीवर झाकण घट्ट बसवलं.

काही दिवसांनी बरणी उघडली, तर वर पांढरी बुरशी आलेली.

बातमी गावभर झाली. जुनी मंडळी ओसरीवर जमली. त्यांतला सर्वांत वडीलधारा म्हातारा म्हणाला, "इतक्या वर्षांत असं झालं नाही. नव्या सुनेचा हात देवीला रुचला नाही. उत्सव होईपर्यंत तिला माहेरी पाठवा."

भागाबाईला झाकण आठवलं. पण रीत आपणच मोडली हे सांगायचा तिला धीर झाला नाही. ती खाली मान घालून बसली.

येसू आत गेली. डोळे पुसत तिने बरणी आवरायला घेतली आणि झाकण उचलताना थबकली. ते तसंच हातात धरून ती बाहेर आली.

"आत्याबाई, झाकणाला आतून थेंब आहेत. पाक तर आपण चांगला आटवला होता. मग हे पाणी आलं कुठून?"

भागाबाईने थेंबावर बोट टेकवलं. भाताच्या पातेल्यावरचं झाकण तिने जन्मभर उचललं होतं.

"वाफेचं. तेच पाकात गळलं असणार, म्हणून बुरशी आली," ती म्हणाली. मग तिने मान वर केली. "झाकण मी लावलं होतं. सांगायला भ्याले आणि दोष पोरीवर येऊ दिला."

येसू म्हणाली, "उत्सवाला अजून अवकाश आहे. करून बघू या."

तिने थोडा मोरावळा शिजवला आणि गरम असतानाच चिनी मातीच्या दोन लहान सटांत भरला. एकावर झाकण, दुसऱ्यावर फडकं. दोन्हींवर टोपल्या पालथ्या घातल्या आणि वर दगड ठेवले. सकाळी दुसऱ्या सटालाही झाकण लावलं. मग सगळं गाव वाट पाहत राहिलं. येता-जाता जो तो विचारी, "काही दिसतंय का?"

शेवटी सट उघडले. रात्री झाकलेल्यात बुरशी होती. दुसऱ्यातला मोरावळा स्वच्छ होता; त्यातला आवळा चाखून म्हाताऱ्याने विचारलं,

"मग देवी वास घ्यायला येत नाही म्हणायचं?"

"येत असेल की, आजोबा," येसू म्हणाली. "पण तेवढ्या वेळात वाफही निघून जाते."

म्हातारा हसला आणि त्याने येसूपुढे हात जोडले. उत्सवाचा मोरावळा पुन्हा शिजला, आणि त्या वर्षी तो येसूने स्वतःच्या हाताने यात्रेकरूंना वाटला. पुढे भागाबाई तिच्या कुठल्याही प्रश्नाला आधी म्हणायची, "ठाऊक नाही गं, बघू या."

तात्पर्य : रीत जपावी, पण तिचं कारण विचारणाऱ्याला गप्प करू नये; ते कारणच हरवलं की दोष निरपराधाच्या माथी येतो.