पात्यावरची खोच

“पण विमान थांबवायचं कशासाठी, अप्पा? पंखा कालच तपासून सही केलीय मी.”

मकरंद इंगवलेच्या आवाजात धार होती. परीक्षेत पहिला आलेला गडी. विमानदुरुस्तीचा परवाना हातात पडून जेमतेम आठवडा झाला होता. वैमानिक शाळेतली तिन्ही विमानं आता त्याच्या सहीनं उडत होती, आणि पठ्ठ्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

हणमंतअप्पांनी पात्यावरचा अंगठा उचलला नाही. चाळीस वर्षं हँगरमध्ये काढलेला हा म्हातारा मिस्त्री रोज सकाळी एक काम न चुकता करी. पंख्याच्या दोन्ही पात्यांच्या कडेवरून, बुडापासून टोकापर्यंत, अंगठ्याचं नख फिरवी. धावपट्टीवरचा खडा उडून लागला की कडेला खोच पडते. डोळ्यांना ती चुकवते, पण नख तिथे अडतं.

आज नख अडलं नाही. टोकापासून वीतभर अलीकडे ते रुतलं.

अप्पांनी नखात आलेली भुकटी मकरंदसमोर धरली.

“पुट्टी?”

मकरंदनं मान खाली घातली.

“एवढीशी खोच होती, अप्पा... गव्हाच्या दाण्याएवढी. तासत बसलो असतो तर आजचं उड्डाण लांबलं असतं. आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या विमानात खोट...”

“दिसायला नको होती.”

“...हो.”

“मग पुट्टी भरलीस, वर काळा रंग दिलास. खोच गेली का त्यानं?”

अप्पांनी पात्यावर बोट टेकवलं.

“मिनिटाला अडीच हजार फेरे घेतं हे पातं. सगळा ताण त्या एका टोकदार जागी येऊन बसतो. तिथनं तडा जातो, मग टोक तुटतं. उरलेला पंखा इंजिनाला असा हादरवतो, की इंजिनच उखडून निघतं... हे तुझ्या पुस्तकात नव्हतं?”

होतं. त्यावर पैकीच्या पैकी गुण मिळाले होते, आणि ते आठवून मकरंदला स्वतःचीच शिसारी आली.

हँगरच्या दाराशी तेजल शिंगटे उभी होती. ती आज याच विमानातून पहिल्यांदाच एकटी, शेजारी शिक्षक नसताना उडणार होती.

अप्पांनी मकरंदच्या हातात बारीक कानस ठेवली.

त्यानं पुट्टी खरवडली. कडेच्या लांबीनं, हलक्या हातानं तासायला घेतलं. खोचेचा तळ गाठायचा तर आजूबाजूचा चांगला धातूही जाणार होता. तासाभरानं दाण्याएवढ्या खोचेच्या जागी बोटभर लांब, गुळगुळीत खळगा झाला.

“अप्पा, हे तर आणखी मोठं झालं.”

“मोठं झालं, पण उथळ झालं. फिरव नख.”

नख कुठंच अडलं नाही. अप्पांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. तडा नव्हता. खळग्याचं मापही पुस्तकात दिलेल्या मर्यादेत होतं.

“आता जा. तिला सांग.”

“काय सांगू?”

“काल काय केलंस ते.”

त्यापेक्षा अप्पांनी परवाना फाडला असता तरी चाललं असतं, असं मकरंदला वाटलं. दारापर्यंतची वीस पावलं त्याला जड गेली. त्यानं तेजलला सगळं सांगितलं. पुट्टी, रंग, सही. काही झाकलं नाही.

तिनं एकदा फाटकाकडे पाहिलं.

“आई आलीय बघायला,” ती म्हणाली.

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“आता उडता येईल?” तिनं विचारलं.

“येईल,” मकरंद म्हणाला. आयुष्यात एका शब्दाचं एवढं भय त्याला कधी वाटलं नव्हतं.

तो परत आला तेव्हा पंख्याजवळच्या बाकावर लॉगबुक उघडं होतं. कालची त्याची सही ठसठशीत, लफ्फेदार. तिच्याखाली आजची ओळ कोरी होती.

मकरंदनं पेन उचललं, टेकवलं, पुन्हा उचललं.

“अप्पा, आजची सही तुम्हीच करा... माझा हात थरथरतोय.”

अप्पांनी लॉगबुक त्याच्याकडे सरकवलं.

“काल थरथरला नव्हता... आज तूच कर.”