वीस किलोची पिशवी

पाठच सोडत नाही तुम्ही, म्हणून सांगतो. नाहीतर अशी लाजेची गोष्ट कोण उकरतो!

कमांडोंच्या निवडीत वीस किलो पाठीवर घेऊन तीस किलोमीटर चालायचं होतं. शेवटच्याला घरी पाठवत. पलटणीचा आचारी भिवा खिलारे शेवटचा पोचला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पहिले आलेले सुभेदार सगळ्यांदेखत ओरडले, "आचाऱ्या, जा, पोळ्या लाट! माझी पिशवी उचलून बघ, वजन काय असतं ते कळेल."

कणकेची पोती वाहिलेल्या भिवानं ती एका हातानं उचलली. मान खाली घालूनच म्हणाला, "साहेब, एवढ्या पिठात आपल्या दोघांच्याच पोळ्या होतील."

ते ऐकून निवड घेणाऱ्या कर्नलसाहेबांनी सगळ्या पिशव्या काट्यावर ठेवल्या. वीस किलो एकट्या भिवाचीच भरली. तो कमांडो झाला, पण त्या दिवशीची त्याची लाज अजून जात नाही. माफी अजून यायची आहे, ती त्याच पहिल्या आलेल्या सुभेदार हणमंत इंगवल्यांकडून.